सहा वर्षे आणि सदतीस वर्षे

राजकारणी माणसाच्या कारकिर्दीचा हिशेब मांडण्याची आपल्याकडे एक ठरावीक रीत आहे. किती वेळा निवडून आले, कोणती खाती सांभाळली, किती वर्षे मंत्रिपद भूषविले, एवढे सांगितले की चरित्र पूर्ण झाले असे आपण मानतो. या रीतीने शशिकलाताई काकोडकर यांचा हिशेब मांडायचा तर तो चार ओळींत संपतो. १९६७ साली गोवा, दमण व दीव विधानसभेवर निवड; १९७२ साली वडील भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री; ऑगस्ट १९७३ ते एप्रिल १९७९ मुख्यमंत्री; १९९० साली शिक्षणमंत्री. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी निधन. मुख्यमंत्रिपदाची वर्षे पुरती सहाही भरत नाहीत. त्यानंतर ताई सदतीस वर्षे जगल्या आणि त्यांतील फार थोडा काळ त्यांच्या हाती अधिकार होता. आमच्या मते ताईंच्या कारकिर्दीचे मोल या दोन्ही कालखंडांना शेजारी ठेवल्याखेरीज कळत नाही.

आम्ही डिचोली तालुक्यातले. आमचे वडील दुसऱ्याची शेती कसत आणि राहते घरही दुसऱ्याच्याच जमिनीवर होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द समजावून सांगणे भाग आहे. जमीनदाराला इकडे भाटकार म्हणतात. त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार आणि त्याची शेती खंडाने कसणारा तो कूळ. आमचे वडील कूळही होते आणि मुंडकारही. घराच्या छपराला नवी कौले घालायची तर आधी भाटकाराच्या पायरीशी जाऊन विचारावे लागे. भाटकार वाईट होता असे नव्हे. सणासुदीला तो आमची विचारपूस करी. पण विचारपूस करणारा चांगला असला तरी विचारावे लागणे चांगले नसते, एवढे वडिलांना कळत होते. मुक्तीनंतर गावात मराठी शाळा आली आणि आमच्या घराण्यात पाटीवर अक्षर काढणारी पहिली पिढी म्हणजे आम्ही भावंडे. पुढे आम्ही त्याच भाषेत प्राथमिक शिक्षक झालो. तेव्हा ताईंविषयी आम्ही लिहितो ते तटस्थ प्रेक्षक म्हणून नव्हे. त्यांच्या निर्णयांचे कागद आमच्या घरात आहेत.

ताई विधानसभेत आल्या ते वर्ष आठवले पाहिजे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल, विरोधाची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी विलीनीकरण हरले. ज्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा जन्मच विलीनीकरणासाठी झाला होता, त्याचे दुकान आता बंद होणार असे जाणत्यांनी ठरवून टाकले. पण दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि तीसपैकी सोळा जागा जिंकून तोच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. महाराष्ट्रात जायला नको म्हणणाऱ्यांतील काहींनीही भाऊसाहेबांना राज्य करायला हवे म्हटले असले पाहिजे. मतदार एका श्वासात दोन गोष्टी बोलू शकतो, हे त्या वर्षाने शिकविले.

याच विधानसभेत ताईंचा प्रवेश झाला. पक्षाचे मूळ ध्येय लोकांनी नाकारलेले, पण पक्ष मात्र स्वीकारलेला. मग त्या पक्षाने करायचे काय? विलीनीकरण वजा केले तर मागे दोन गोष्टी उरत होत्या. एक जमीन आणि दुसरी शाळा. ताईंची उभी कारकीर्द या दोन गोष्टींभोवती फिरली असे आम्हांला दिसते.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब गेले आणि राज्याची धुरा ताईंकडे आली. त्या वेळी त्या अडतीस वर्षांच्या होत्या. देशात त्यापूर्वी दोनच स्त्रिया मुख्यमंत्री झाल्या होत्या, उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओरिसात नंदिनी सत्पथी. गोव्याला त्यानंतर आजवर दुसरी महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही आणि महाराष्ट्राला तर पहिलीही नाही. वडिलांच्या पुण्याईवर लेक गादीवर बसली, असे तेव्हाही म्हटले गेले. त्यात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वारशात खुर्ची मिळते. तीवर बसून काय करायचे ते वारशात मिळत नाही.

ताईंनी दोन कायदे केले. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती. पहिल्याने मुंडकाराला घरातून हुसकावून लावणे थांबले आणि घराखालची व भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. दुसऱ्याने २० एप्रिल १९७६ हा दिवस ‘कसणाऱ्याचा दिवस’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, त्याने ती विकत घेतली असे कायद्यानेच मानले. भाऊसाहेबांच्या काळी, १९६४ साली, झालेल्या कूळ कायद्याने खंडाला आळा घातला होता आणि कुळाला संरक्षण दिले होते. मालकीचा प्रश्न मात्र उभाच होता. तो या दुरुस्तीने सोडविला. तिला न्यायालयात आव्हान मिळाले, खटले लांबले, मामलेदाराच्या कचेरीत हेलपाटे घालता घालता अनेकांचे केस पिकले. तरीही एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात ज्याचे नाव होते, त्याला आपल्या पायाखाली भक्कम काही आले आहे असे वाटू लागले. आमच्या वडिलांनी तो उतारा पत्र्याच्या पेटीत, आजीच्या पोथीखाली ठेवला होता. त्यांना वाचता येत नव्हते. आम्ही तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवीत असू आणि स्वतःचे नाव आले की ते मान हलवीत.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी छपरावर नवी कौले चढली. कुणालाही विचारावे लागले नाही.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. त्याच वर्षांत समुद्रकाठचे रापणकार यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध उभे ठाकले होते. किनाऱ्यालगतचे पाणी त्यांच्यासाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी होती. शेतातल्या कुळाचे दुःख ज्या सरकारला चटकन कळले, त्याला दर्यावरच्या रापणकाराचे दुःख तितक्या लवकर कळले नाही. मासेमारी नियमनाचा कायदा व्हायला १९८० साल उजाडले. विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मागितली, तेव्हाही सरकार आणि तरुण यांच्यात दरी पडली. भाऊसाहेबांच्या मागे उभा राहिलेला बहुजन समाज ताईंच्या मागे होता, पण नव्याने शिकू लागलेली त्याचीच मुले रस्त्यावर घोषणा देत होती. ज्यांनी शाळा दिल्या त्यांनाच शाळेत शिकलेल्यांनी जाब विचारावा, यात वाईट काही नाही. किंबहुना शाळा यशस्वी झाल्याची ती खूण होती. पण सत्तेवर असलेल्या माणसाला ती खूण ओळखता येणे कठीण असते.

जून १९७७ च्या निवडणुकीत मगोला तीसपैकी पंधरा जागा मिळाल्या. विधानसभेचे गणित ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्यातील धोका सांगावा लागत नाही. बहुमताला सोळा हवेत. शिवाय आपल्यातलाच एक सभापती केला तर तो मत देतो ते केवळ समसमान मते पडल्यावर. असे राज्य काठावर उभे असते आणि काठावरचे राज्य चालविणाऱ्याला रोज उठून आपली माणसे मोजावी लागतात. एप्रिल १९७९ मध्ये ताईंच्याच पक्षातील तीन सदस्य फुटले. सरकार कोसळले आणि राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगो सात जागांवर आला.

त्या वेळी पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता. तो आला १९८५ साली, आणि तेव्हाही एकतृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर ती ‘फूट’ म्हणून चालत असे. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. आता दोनतृतीयांश लागतात आणि त्याला विलीनीकरण म्हणतात. गोव्याने तेही करून पाहिले. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये विलीन झाले, त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांपैकी आठ. ‘विलीनीकरण’ हा शब्द ज्या गोव्यात एका पिढीने उरात घेऊन वाहिला आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच तळमळीने नाकारला, त्याच गोव्यात आज तो आमदारांच्या पक्षबदलाला वापरला जातो. शब्दांनाही वाईट दिवस येतात.

सत्ता गेल्यानंतरच्या पहिल्या दशकात ताईंची वाट सरळ राहिली नाही. काही सहकाऱ्यांसह त्या काँग्रेसमध्ये गेल्या. तेव्हा रमाकांत खलप आणि बाबुसो गावकर या दोघांनी मगोचा दिवा तेवत ठेवला. काँग्रेसमध्ये ताईंचे मन रमले नाही. त्यांनी भाऊसाहेबांच्या नावाने वेगळा पक्ष काढला. लोकांनी त्याला जवळ केले नाही. अखेर त्या मगोत परतल्या. या येरझाऱ्यांबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती गैर होती असे आम्हांला वाटत नाही. ज्यांनी फुटिरांमुळे राज्य गमावले, त्यांनी स्वतः पक्ष बदलावा हे अनेकांना रुचले नाही. आमच्या घरी मात्र वडील एवढेच म्हणत, ‘पक्ष बदलला, उतारा बदलला नाही.’ मतदाराची निष्ठा कशावर असते हे त्या वाक्यावरून कळावे.

मधल्या काळात गोव्याचे रूप पालटले. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य बनले आणि विधानसभा चाळीस सदस्यांची झाली. १९८९ च्या निवडणुकीत ताई आमच्याच भागातून, मये मतदारसंघातून, निवडून आल्या. पुढच्या वर्षी काँग्रेसमधील फुटीर गट आणि मगो यांचे सरकार आले आणि त्यात ताईंकडे शिक्षण खाते आले. हे सरकार वर्षभरही टिकले नाही, पण तेवढ्यात एक निर्णय झाला. ज्या प्राथमिक शाळा मराठी वा कोकणी अशा भारतीय भाषेतून शिकवतील त्यांनाच सरकारी अनुदान मिळेल. इंग्रजी माध्यमाच्या शाळांना नाही.

या निर्णयाने काय झाले ते आम्ही शिक्षक या नात्याने जवळून पाहिले. चर्चच्या व्यवस्थापनाखालील अनेक प्राथमिक शाळा इंग्रजीवरून देवनागरी कोकणीकडे वळल्या. ज्या कोकणीला राजभाषेचा मान मिळाला होता तिला वर्ग मिळाले आणि तेही मराठीच्या कैवारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंच्या निर्णयामुळे. मराठी आणि कोकणी यांचे भांडण ज्यांच्या कानांत अजून घुमते, त्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. पण त्याच वेळी दुसरेही घडले. ज्यांना परवडत होते त्यांनी विनाअनुदानित इंग्रजी शाळांची वाट धरली. शिवाय अनुदानाचा नियम होता प्राथमिकपुरता, म्हणजे पहिली ते चौथी. पाचवीपासून गोव्यातील बहुतेक शाळांत इंग्रजीच. एवढ्या झगड्याअंती कायद्याच्या कुंपणात आलेली वर्षे होती चार.

ते कुंपण एकवीस वर्षे टिकले. २०११ साली तत्कालीन सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचे ठरविले. २०१२ मध्ये सरकार बदलले, पण अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच राहिले. ताई तेव्हा शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. आमदारकी नव्हती, मिळण्याची शक्यताही नव्हती. तरी भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या नेतृत्वात त्या उभ्या राहिल्या आणि अखेरपर्यंत त्या प्रश्नावर बोलत राहिल्या. त्या व्यासपीठावर त्यांच्यासमवेत उदय भेंबरे होते. १९६७ च्या कौलाच्या वेळी ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातून ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहून विलीनीकरणाविरुद्ध रान उठविणारे तेच भेंबरे. फूल आणि दोन पाने पंचेचाळीस वर्षांनी एका व्यासपीठावर बसली, कारण दोघांच्याही शाळा रिकाम्या होत होत्या.

त्या सुमारास आमच्या घरातही हा प्रश्न येऊन बसला. नातीला पहिलीत घालायचे होते. आम्ही जन्मभर मराठी शाळेत शिकविलेले, तेव्हा आमचे मत सर्वांना ठाऊक होते. सूनबाईंनी शांतपणे विचारले, ‘बाबा, पाचवीपासून सगळे इंग्रजीच आहे ना? मग चार वर्षांनी जिथे जायचेच आहे तिथे आजच गेलेले काय वाईट?’ हा प्रश्न साधा नाही. अनुदानासाठी मोर्चे काढणाऱ्या पालकांचा प्रश्नही हाच होता: ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी इंग्रजी विकत घ्यावी आणि गरिबांच्या मुलांनी भाषा राखावी, हा कुठला न्याय? आम्ही उत्तर दिले ते असे की चार वर्षे ही मुलाला विचार करायला शिकण्याची वर्षे आहेत, आणि विचार घरच्या भाषेत आधी रुजतो. सूनबाईंनी ऐकून घेतले. पटले असे म्हटले नाही. आठवड्याने मुलगा आणि सूनबाई दोघे जाऊन शेजारच्या वाड्यावरची मराठी शाळा पाहून आली. तेथे एक तरुण बाई पहिलीचा वर्ग घेत. मुले मोजकीच होती, पण वर्गाच्या भिंती मुलांच्या चित्रांनी भरलेल्या होत्या आणि बाई प्रत्येक मुलाशी त्याच्या नावाने बोलत होत्या. नातीचे नाव तेथे घातले गेले. कारण विचारता सूनबाई म्हणाल्या, ‘भाषेसाठी नाही हो, बाईंसाठी.’

या उत्तराने आम्हांला पुष्कळ शिकविले. सरकार अनुदान देऊ शकते, नाकारूही शकते. पण मुलाला बाकावर आणून बसविते ती शिक्षिका. जमिनीचा कायदा एकदा झाला की उताऱ्यावर नाव चढते आणि ते पुसणे सोपे नसते. भाषेच्या कायद्याला असा उतारा नाही. त्याचे नाव दरवर्षी जूनमध्ये, शाळेच्या हजेरीपटावर, नव्याने लिहावे लागते. म्हणूनच ताईंचा जमिनीचा कायदा टिकला आणि भाषेचा निर्णय मोडला. आणि गंमत अशी की जो टिकला त्याच्याशी त्यांचे नाव आज फारसे कुणी जोडत नाही. आमच्या गावातली तरुण मुले आपल्या अंगणात उभी राहतात ती जागा आपली कशी झाली हे त्यांना माहीत नाही. जो मोडला तोच त्यांच्या नावावर राहिला.

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. सीमाभागात महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ साली दोन आमदार कर्नाटक विधानसभेत होते; २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. इंदुरात सुमित्राताई महाजन १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षे खासदार होत्या, लोकसभेच्या अध्यक्षाही झाल्या. पण त्यांना निवडून दिले ते बव्हंशी हिंदी बोलणाऱ्या शहराने आणि शहराच्या कामांसाठी. मराठीसाठी सभागृहात उभा राहणारा माणूस आपल्यातील बहुतेकांच्या वाट्याला यापुढे येईल असे दिसत नाही. त्याची हळहळ आम्हांलाही आहे. पण सभागृहात बहुमत असताना घेतलेला निर्णयही जेथे एकवीस वर्षेच टिकला, तेथे केवळ आमदारांची संख्या मोजून भाषेचे आयुष्य ठरविणे बरोबर होणार नाही.

मग आमदाराकडून अपेक्षा करायची ती कशाची? आमच्यापुरते आम्ही ठरविले आहे. मत मागायला येणाऱ्याला आम्ही तुमची मराठीवर निष्ठा आहे का, असे विचारत नाही. होकार फुकटचा असतो. आम्ही विचारतो, आमच्या वाड्यावरच्या शाळेत पुढच्या जूनमध्ये किती शिक्षक असतील, एकाच बाईंना चार वर्ग सांभाळावे लागतील की नाही, आणि पावसात वर्ग गळणार की नाही. बहुतेकांना उत्तर देता येत नाही. एखादा वहीत लिहून घेतो. जो लिहून घेतो आणि निवडून आल्यावर, किंवा पडल्यावरही, परत येऊन सांगतो, त्याची कारकीर्द आम्ही मोजू.